ऑपरेशननंतरचे ३० दिवस

श्रोतेहो, नमस्कार. सर्जरीची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयात काम करत पदव्युत्तर शिक्षण, करणारे काही तरुण डॉक्टर शिकत असतानाच परदेशात, साधनं अपुरी असलेल्या एखाद्या रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून काम करायला जातात. आज बोलायचंय ते त्यांच्याशी, आणि त्यांना पाठवणाऱ्या शिक्षकांशीही.

गरज खरोखर फार मोठी आहे. 'द लॅन्सेट' या नियतकालिकानं नेमलेल्या आयोगानं २०१५ मध्ये सांगितलं, की जगातल्या पाच अब्ज लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया वेळेवर मिळत नाही. दरवर्षी आणखी १४ कोटी ३० लाख शस्त्रक्रिया व्हायला हव्यात, असाही त्यांचा हिशेब होता.

म्हणून जा, जरूर जा. शिकायला तर मिळतंच. सीटी स्कॅन नसला की पोटावर ठेवलेल्या हातावर विसंबावं लागतं. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांत वाढलेला रेसिडेंट तिथे पोट उघडून काम करायला शिकतो. अडकलेला हर्निया, टायफॉइडनं भोक पडलेलं आतडं, असे रुग्ण उशिरा, पार थकून आलेले असतात.

पण "तिथे भरपूर केसेस करायला मिळतात" हे वाक्य ऐकलं की मला वाईट वाटतं. जे ऑपरेशन आपल्या रुग्णालयात वरिष्ठांशिवाय करायची परवानगी नाही, ते परक्या देशात एकट्यानं करायचा हक्क कुठून आला? रुग्ण गरीब आहे, एवढ्यानं तो मिळत नाही. शिवाय तिथेही रेसिडेंट असतात. पूर्व, मध्य आणि दक्षिण आफ्रिकेतली, १९९९ मध्ये स्थापन झालेली कोसेक्सा ही संस्था त्या भागातल्या सर्जनांना तिथल्याच रुग्णालयांत घडवते आहे. पाहुण्यानं हातात घेतलेली केस कदाचित त्यांच्यापैकी कुणाच्या तरी वाट्याची असते. अशा वेळी पाहुण्यानं टेबलाच्या पलीकडे, मदतनीसाच्या जागी उभं राहावं.

सर्वांत जास्त काळजी मला वाटते ती नंतरच्या दिवसांची. ऑपरेशनच्या जखमेतला संसर्ग साधारण ३० दिवसांपर्यंत बघायचा असतो. दोन आठवड्यांची मोहीम तोवर कधीच परतलेली असते. अहवालात केलेल्या शस्त्रक्रियांचा आकडा येतो. पू झालेली जखम, सुटलेले टाके, पुन्हा चालत आलेला रुग्ण त्यात येतच नाहीत. ते सगळं तिथल्या नर्सच्या आणि एकट्या पडलेल्या डॉक्टरच्या अंगावर पडतं.

तिथल्या माणसांकडून घ्यायचंही पुष्कळ असतं. हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये पोटाच्या कमकुवत भिंतीला आधार म्हणून मच्छरदाणीच्या कापडाची स्वस्त जाळी वापरतात, हे ऐकून पाहुणे नाक मुरडतात. युगांडातल्या अभ्यासात ही जाळी महागड्या जाळीशी ताडून पाहिली. २०१६ मध्ये निष्कर्ष आला, की वर्षभरानंतर हर्निया पुन्हा होण्यात दोन्हींत लक्षणीय फरक नाही.

तेव्हा निघण्याआधी यजमान रुग्णालयाला पत्र लिहून विचारा. आम्ही गेल्यावर वॉर्ड कोण बघणार? कोणाच्या हाताखाली काम करायचं? लॉगबुकमध्ये, म्हणजे आपल्या ऑपरेशनांच्या नोंदवहीत, ३० व्या दिवसाचा रकाना ठेवा, आणि परतल्यावरही फोन करून तो भरा. आणि समोरून "आम्हाला सर्जन नको, भूल देणारं माणूस हवंय" असं उत्तर आलं, तर आपली जागा भूलशास्त्राच्या रेसिडेंटला द्या.

नमस्कार.