‘ब्लेड रनर’ पाहून झाला, आता वाचायचं काय?

मंडळी, आत्ता आपण पाहिली ती ‘ब्लेड रनर’ या विज्ञानपटाची २००७ सालची ‘फायनल कट’ आवृत्ती. घरी कुणाला पुन्हा बघायचा असेल तर हीच शोधा. १९८२ला थिएटरात लागलेल्या आवृत्तीत नायकाच्या आवाजातलं निवेदन आहे आणि शेवट ओढूनताणून गोड केलाय. त्या शेवटातले डोंगर तर ‘द शायनिंग’ या सिनेमासाठी घेतलेल्या आणि उरलेल्या फिल्ममधले. असो. सिनेमा आवडला, पुढे काय वाचायचं, एवढंच आज बोलू.

बरेच जण थेट मूळ कादंबरी उचलतात. फिलिप के. डिकची ‘डू अँड्रॉइड्स ड्रीम ऑफ इलेक्ट्रिक शीप?’, १९६८ची. आणि तिथेच अडतात, कारण सिनेमातलं जे डोळ्यांत भरलेलं असतं ते तिच्यात नाही. शहर लॉस एंजेलिस नाही, सॅन फ्रान्सिस्को आहे. पावसाची झोड नाही, निऑनचा झगमगाट नाही. महायुद्धानंतरची किरणोत्सर्गी धूळ आणि ओस पडलेल्या इमारती आहेत. यंत्रमानवांना हुडकून मारणारा नायक डेकर्ड, त्याला चक्क बायको आहे. पहिल्याच प्रकरणात दोघांची जुंपते ती मनःस्थिती बदलणाऱ्या यंत्रावर आज कुठला आकडा लावायचा यावरून, आणि बाईंनी त्या दिवसासाठी सहा तासांचं नैराश्य लावून ठेवलेलं असतं. पावसात भिजणारा एकांडा शिपाई शोधत आलेला वाचक इथे गोंधळणारच. म्हणून डिकची सुरुवात या कादंबरीने करू नका. आधी त्याची १९६६ची ‘वुई कॅन रिमेंबर इट फॉर यू होलसेल’ ही कथा घ्या. मंगळावर जायची आस लागलेला एक साधा कारकून प्रवास परवडत नाही म्हणून प्रवासाची आठवण विकत घ्यायला जातो. एका बैठकीत संपते आणि डिकचा विनोद कसा चालतो ते कळतं. तो कळला की कादंबरीतलं नवरा-बायकोचं भांडण खटकत नाही, हसू येतं.

मग कादंबरी. तिच्यातला एक प्रसंग जरा जवळून बघू, कारण सिनेमातली एक मोठी गाठ त्यात सुटते. रेचेल माणूस की यंत्रमानव हे ठरवायला डेकर्ड तिची चाचणी घेतो. गालावर तारांची चकती चिकटवलेली, डोळ्यात प्रकाशाचा बारीक झोत, समोर थरथरणारे काटे. प्रश्न असा: वाढदिवसाला वासराच्या कातड्याचं पाकीट भेट मिळालं, तर? सिनेमातही हा प्रश्न आहे, पण त्यात दचकण्यासारखं काय हे प्रेक्षकाला उमगत नाही. कादंबरीत उमगतं. युद्धानंतर जनावरं जवळजवळ नामशेष झालीत, घुबडं सगळ्यांत आधी गेली. जिवंत प्राणी पाळणं ही तिथे प्रतिष्ठाही आहे आणि श्रद्धाही. डेकर्डकडे मात्र गच्चीवर विजेवर चालणारी मेंढी, शेजाऱ्याला कळू नये अशी धडपड, आणि शेजाऱ्याची खरी घोडी गाभण! अशा जगात ते पाकीट म्हणजे भयंकर गोष्ट.

पुढे यंत्रमानव बनवणारे कंपनीवाले डेकर्डला जवळजवळ फसवतात. रेचेल माणूसच आहे, पण अंतराळयानात वाढल्यामुळे तिच्या प्रतिक्रिया वेगळ्या, असं पटवतात. निघता निघता तो स्वतःची बॅग थोपटतो आणि म्हणतो, ही लहान बाळाच्या कातड्याची आहे. काटे जोरात हलतात, पण क्षणभर थांबून. तो क्षणभराचा उशीर तिला उघडं पाडतो. माणसाला असा उशीर लागत नाही. सिनेमातलं घुबड या कादंबरीतूनच आलंय. फक्त त्याच्यामागचं कारण पडद्यावर जवळजवळ गळून गेलंय.

आता ज्यांना पाऊस आणि अंधारच आवडला, त्यांच्यासाठी. सिनेमात तो आला त्यामागे निकडही होती. वॉर्नर ब्रदर्सच्या आवारातल्या न्यूयॉर्क रस्त्याच्या जुन्या सेटवर काम चाललं होतं आणि लख्ख उजेडात तो सेट उघडा पडला असता. रात्र, धूर आणि पाणी यांनी झाकून नेलं. स्टुडिओंच्या आपल्या कोल्हापुरात हे फोड करून सांगायला नको. पण या पावसाचं घराणं जुनं आहे. रेमंड चँडलरची ‘द बिग स्लीप’ वाचा, १९३९ची. तेच लॉस एंजेलिस, तसाच कोसळता पाऊस, आणि दिवसाला पंचवीस डॉलर अधिक खर्च एवढ्यावर राबणारा खाजगी गुप्तहेर मार्लो. इथे एक धोका आहे. कथानकाचा हिशेब जुळवत बसाल तर डोकं धराल. चँडलरने आपल्याच आधीच्या दोन मासिककथा, ‘किलर इन द रेन’ आणि ‘द कर्टन’, सांधून ही कादंबरी उभी केली आणि सांधे दिसतात. मोटारचालकाला कुणी मारलं हे शेवटपर्यंत धड कळत नाही. ते सोडून द्या. संवाद वाचा, खोल्यांची वर्णनं वाचा.

विल्यम गिब्सनची ‘न्यूरोमॅन्सर’ ही कादंबरी १९८४ची. ती लिहिताना त्याने ‘ब्लेड रनर’ थोडा पाहिला आणि उठून गेला. आपल्या डोक्यातलं शहर कुणीतरी आधीच पडद्यावर आणलं, ही धास्ती. ती वाचताना लोक अडतात शब्दांपाशी. यंत्रांची, औषधांची, कंपन्यांची नावं लेखक जराही न समजावता पुढे जातो. शब्दकोश उघडू नका, त्यात ते सापडणारही नाहीत. आधी ‘जॉनी नेमॉनिक’ आणि ‘बर्निंग क्रोम’ या दोन कथा वाचा. जग तेच आहे; पहिल्या कथेतली मॉली पुढे कादंबरीतही भेटते.

चित्रकथा आवडणाऱ्यांनी मोबियसने काढलेली ‘द लाँग टुमॉरो’ शोधावी. मोजकी पानं, पण सिनेमातल्या उंचच उंच शहराची कल्पना बरीचशी तिथली.

मराठीत काय? जयंत नारळीकरांचा जन्म इथलाच, कोल्हापूरचा, १९३८चा. १९७४मध्ये ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. ‘वामन परत न आला’ यंत्रमानवाची आहे, जरूर वाचा. पण माझं मत सांगतो: त्यांच्या कथांमध्ये उजेड भरपूर असतो. शास्त्रज्ञ आणि त्याची संस्था यांवर वाचकाने विश्वास ठेवायचा असतो, आणि नॉयरची, म्हणजे अशा अंधाऱ्या गुन्हेकथांची, सुरुवातच तो विश्वास उडण्यापासून होते. दुसरीकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, पण त्यांचा झुंजार वाचकांचा लाडका वीर. मार्लोसारखा मार खाऊन रिकाम्या खिशाने परतणारा नव्हे. विज्ञानकथा आणि रहस्यकथा, आपल्याकडे दोन्ही जोरात चालल्या, पण वेगवेगळ्या कपाटांत.

नारळीकर वाचून वाढलेल्यांना म्हणून मी असिमॉव्हची ‘द केव्हज ऑफ स्टील’ सुचवतो, १९५४ची. पोलादी छताखाली दोन कोटींहून जास्त माणसं कोंबलेलं न्यूयॉर्क, यंत्रमानवांचा तिटकारा असलेला पोलीस आणि त्याच्या जोडीला दिलेला हुबेहूब माणसासारखा यंत्रमानव. पाऊस नाही, कारण उघडं आभाळच नाही. मोकळ्यावर जायचं म्हटलं तरी लोकांची छाती धडधडते. इथे मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसा. धागे वाचकासमोर ठेवलेले आहेत, आणि खुनी कोण हे लेखकाच्या आधी ओळखायचा हट्ट धरायला हरकत नाही. चँडलरकडे तो धरू नका.