बुल्माचे केस: जांभळे की निळे?

‘ड्रॅगन बॉल’ या जपानी चित्रकथेचं एखादं मूळ पान जवळून बघा. कागद स्वस्तातला, शाई एकच, काळी. नायक गोकूचे केस ठासून काळे भरलेत. शेजारी त्याची मैत्रीण बुल्मा, तिच्या केसांत मात्र नुसत्या रेघा. मधली जागा कोरी.

अकिरा तोरियामांची ही चित्रकथा १९८४ च्या अखेरीस ‘वीकली शोनेन जंप’मध्ये सुरू झाली आणि १९९५ पर्यंत चालली. रंगीत पानं तिच्या वाट्याला अधूनमधूनच यायची. अशा पानांवर तोरियामांनी बुल्माचे केस जांभळे रंगवले. १९८६ मध्ये तोएई अ‍ॅनिमेशनची मालिका आली, आणि तिथे तेच केस झाले निळे. कार्टून नेटवर्कवर हे सगळं बघत मोठ्या झालेल्या आपल्याकडच्या पोरांनाही निळी बुल्माच ठाऊक.

त्या काळी अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून, सेलवर रंगवायचे. सेल म्हणजे पारदर्शक शीट. पुढच्या बाजूला रेषा, मागच्या बाजूने रंग. कागदावर जागा कोरी सोडली की ती पांढरी दिसते. सेलवर कोरी सोडली, तर केसांतून मागचा डोंगर आणि आभाळ आरपार दिसणार! म्हणजे रंग भरणं भागच. चित्रकाराने वाचकावर सोडलेली गोष्ट इथे कुणीतरी ठरवून टाकायलाच हवी.

गोकूचा प्रतिस्पर्धी व्हेजिटा, त्याचं बघा. ‘ड्रॅगन बॉल झी’ या पुढच्या मालिकेत तो पहिल्यांदा दिसतो तेव्हा त्याचे केस चक्क तांबूस तपकिरी आहेत, चिलखताचे रंगही निराळे. पुढे तो पृथ्वीवर लढायला उतरतो तो काळ्याभोर केसांनिशी. कथेत याचा कुणी उल्लेखसुद्धा करत नाही.

आणि गोकूचा तो प्रसिद्ध, ताकद कैक पटींनी वाढलेला ‘सुपर सायन’ अवतार, १९९१ चा. केस उभे राहतात, सोनेरी होतात. त्यामागचं कारण तोरियामांनीच सांगितलंय: गोकूचे काळे केस शाईने भरण्यात सहाय्यकाचा फार वेळ जायचा. केस कोरे ठेवले की तेवढं काम वाचलं. मला हे कारण मनापासून आवडतं. आठवड्याच्या आठवड्याला पानं द्यायची, हात दुखून येतात, आणि त्या ओढाताणीतून जगभरातल्या मुलांना वेड लावणारं रूप जन्माला येतं. पडद्यावर मात्र ते कोरेपण चालणार नव्हतं. तिथे सोनेरी रंग हवा होता, भोवती लखलखता झोत हवा होता.

पण सगळ्यात मोठा घोळ झाला तो बुल्माच्या मुलाचा. रंगीत पानांवर आई जांभळ्या केसांची, मुलगा ट्रंक्सही जांभळ्या केसांचा. पोरगं आईवर गेलंय हे बघताक्षणी कळतं. ‘झी’ मालिकेत मुलगा फिक्या जांभळ्या केसांचाच राहिला, आई मात्र निळी, आणि ते साम्यच हरवलं. याची मला खरोखर हळहळ वाटते, कारण भविष्यातून आलेला हा अनोळखी मुलगा कोणाचा, यावर तर ते सगळं प्रकरण उभं आहे.

मग २०१६ मध्ये ‘ड्रॅगन बॉल सुपर’मध्ये भविष्यातला ट्रंक्स परतला, तो आईसारखेच निळे केस घेऊन. त्याच मालिकेतला छोटा ट्रंक्स मात्र अजून जांभळाच. दोघं समोरासमोर येतात तेव्हा चित्र थांबवून बघा: माणूस एकच, आई एकच, केसांचे रंग दोन. आईचे केस मिळाले ते थोरल्यालाच.