टॉवेलाचा डबा बोटीवर चढतो तेव्हा

संध्याकाळचे सात वाजलेत, अक्कलकोट रोड एमआयडीसी. कारखान्याच्या दाराला पाठ लावून ४० फुटी कंटेनर, म्हणजेच डबा, उभाय आणि हमाल खोकी चढवतायत, आत सगळे टॉवेल, पार छतापर्यंत. शेवटी दाराला बोल्ट सील, खट्टकन बसतं, आता ते कटरनंच तुटणार.

सोलापूरला समुद्र नाही, पण बंदराचं टेन्शन इथल्या एक्स्पोर्टवाल्याला पुरेपूर असतंय. कारण कटऑफ. ठरल्या वेळेच्या आत डबा बंदराच्या गेटातून आत गेला पाहिजे, बोट म्हणजे काय एसटी नाही हात केला की थांबायला. म्हणून ड्रायव्हर टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, पुणे करत खंडाळ्याचा घाट उतरेपर्यंत घड्याळच बघत असतो.

डबा जातो ते न्हावाशेवा बंदर १९८९ ला सुरू झालं, मुंबईच्या जुन्या गोदीवरचा ताण कमी करायला. इथं गेटवर डब्याचा नंबर, सील, कस्टमचे कागद सगळं जुळवून बघतात. वजन तर जुलै २०१६ पासून जगभर सक्तीचं, भरलेल्या डब्याचं वजन आधी कळवलं नाही तर बोटीवर घेतच नाहीत.

सगळे बघतात ती धक्क्यावरची मोठी क्रेन, पण मला विचाराल तर खरं डोकं यार्डात लागतं. डब्यावर डबे रचलेले, आणि प्रत्येकाची जागा हिशोबानं, बोट कुठली, उतरणार कुठं, वजन किती. बोटीवर जड माल खाली, हलका वर, शिवाय शेवटच्या बंदराचा डबा शक्यतो तळात, नाहीतर मधेच एक काढायला वरचे चार उपसत बसा. डाळिंबाचा रिफर, म्हणजे फ्रीजवाला डबा, असला तर त्याला विजेचा प्लग पण पाहिजे.

बोट आत आणायला पायलट समुद्रातच दोरीच्या शिडीवरनं चढतो (हो, इथंही पायलटच म्हणतात), आणि टगबोटी तिला ढकलत-ओढत धक्क्याला लावतात. मग क्रेनचा सांगाडा डब्यावर उतरतो, चार कोपऱ्यांत चार लॉक फिरतात, डबा हवेत. खाली पुढचा ट्रेलर तयारच.

इकडं सोलापुरात फोन वाजतो, माल ऑन बोर्ड झाला. मालक एकच विचारतो, "बिल ऑफ लेडिंगवर तारीख कितीची पडली ओ?" बिल ऑफ लेडिंग म्हणजे माल बोटीवर चढल्याची जहाज कंपनीची पावती, बँकेत पैसे तिच्यावरच्या तारखेवर अडलेत.