ए मायनस आणि दोन बाप

नमस्कार मंडळी. वडे तळून यायला अजून दहा मिनिटं आहेत असं आतून कळलंय. तेवढ्यात माझं आवरते.

'ग्ली' ही अमेरिकन मालिका आठवते का? २००९ ते २०१५, सहा पर्वं. ओहायोतल्या लिमा गावची शाळा, तिथला गाण्याचा क्लब आणि क्लबातल्या पोरांच्या तोंडावर गारेगार स्लशी फेकणारी दांडगी मुलं. तेव्हा मी पोळ्या लाटता लाटता एक डोळा टीव्हीकडे ठेवायचे आणि म्हणायचे, काय हा पोरकटपणा! यंदा लेकीबरोबर पुन्हा पाहिली.

पोरकटपणा आहेच. 'आहात तसे राहा' हे इतक्यांदा गाऊन सांगतात की कान किटतात. शिवाय सांगणं एक आणि वागणं एक. क्लबातल्या कृष्णवर्णीय मर्सिडीजचा आवाज खणखणीत, पण मानाचं गाणं बहुतेक वेळा गोऱ्या रेचलच्या पदरात. व्हीलचेअरवरचा आर्टी साकारणारा केविन मॅकहेल स्वतः हिंडता-फिरता माणूस. माइक चँगला पहिल्या पर्वात धड संवादही नाहीत. चीअरलीडरांची कोच सू तर त्याला 'दुसरा आशियाई' म्हणते. आपल्याकडच्या चेहऱ्याचं म्हणाल तर मुख्याध्यापक फिगिन्स, म्हणजे कराचीत जन्मलेला इक्बाल थेबा. काम फर्मास करतो, पण कायम सूच्या कचाट्यात सापडलेला. बेकी मात्र मला फार आवडली. डाउन सिंड्रोम असलेली मुलगी, आणि तो असलेल्याच लॉरेन पॉटरने केलेली. ती चक्क आगाऊ आहे, कुजकं बोलते. तिची कीव करायला कुणी आपल्याला सांगत नाही.

पण मला बोलायचंय ते बापांबद्दल.

क्लबातल्या कर्टचा बाप बर्ट गॅरेजवाला. मुलगा गे आहे हे त्याला कळतं. झेपत नसतं, तरी तो बाजू सोडत नाही. मुलींसाठीचं एक गाणं कर्टला गायचं असतं, तर हा थेट शाळेत जाऊन भांडतो आणि त्याला संधी मिळवून देतो. मग गॅरेजमध्ये एक घाणेरडा निनावी फोन येतो. बापाचा उतरलेला चेहरा पाहून कर्ट निवडीच्या वेळी वरचा सूर मुद्दाम चुकवतो. त्याला तो लागत असतो, बरं का! बापाला आणखी ऐकून घ्यावं लागू नये म्हणून पोरगं हरतं. इथे ना भाषण, ना उपदेश.

दुसरा बाप माइकचा. तिसऱ्या पर्वात एक भागच आहे, 'एशियन एफ' नावाचा. एफ म्हणजे तिकडे नापास. माइकला रसायनशास्त्रात ए मायनस, म्हणजे 'ए'च्या जेमतेम खालचा शेरा मिळतो आणि घरात नापास झाल्यासारखं सुतक. बापाला हार्वर्ड दिसत असतं, पोराला नाच. शेवटी आई सांगते की तिलाही नर्तकी व्हायचं होतं, आणि मायलेक हात धरून नाचू लागतात.

लेकीने तिथेच रिमोट दाबून चित्र थांबवलं. आठवीत तिला गणितात ९६ मिळाले होते, तेव्हा मी विचारलं होतं, "उरलेले चार कुठे सांडलेस?" मला हे आठवत नव्हतं. तिला तारखेसकट आठवत होतं.

मी म्हटलं, "पुढे लाव." तिने लगेच लावलं नाही.