काय म्हणाली?

नमस्कार मंडळी. मसाला दूध आटेपर्यंत बोला, असं मला सांगितलंय. आधी दूध घट्ट होतं की माझं भाषण, ते आता बघायचं.

मध्यंतरी माझी दहा वर्षांची लेक मला म्हणाली, "बाबा, यू आर त्वालेन." तेव्हापासून डोक्यात तेच आहे.

सुट्टीत आम्ही बालीला गेलो होतो. पर्थला राहून बाली न पाहणं म्हणजे पुण्यात राहून महाबळेश्वर न पाहणं. या खेपेला कुडाळहून आलेली आई बरोबर होती, म्हणून बीच रद्द आणि देवळं सुरू. सुकावतीजवळ उतरलो होतो, तिथल्या देवळाचं ओदालान होतं, म्हणजे वर्धापनाची जत्राच. घरमालकीणबाईंनी आम्हा सगळ्यांना कमरेला वस्त्रं गुंडाळून दिली आणि रात्री वायांग कुलितला नेलं. कातडी बाहुल्यांचा, सावल्यांचा खेळ.

पांढरा पडदा, त्यामागे खोबरेल तेलाचा दिवा, आणि दिव्याला नाक लागेल इतक्या जवळ मांडी घालून बसलेला दालांग, म्हणजे बाहुल्या खेळवणारा सूत्रधार. आमची लेक थोडा वेळ गावातल्या पोरांबरोबर पडद्यामागेही बसून आली. या एकट्या माणसाचे दोन्ही हात बाहुल्यांत, तोंडात देव, राजे, राक्षस सगळ्यांचे आवाज, आणि उजव्या पायाच्या बोटांत धरलेला लाकडी ठोकळा. युद्ध आलं की तो बाहुल्यांच्या पेटीवर ठाण ठाण आपटायचा. मागे चार जण गेंदेर, म्हणजे धातूच्या पट्ट्यांची वाद्यं, वाजवत होते. कागद नाही, प्रॉम्प्टर नाही. मी हे चार शब्द बोलायला तीन कागद आणलेत.

गोष्ट महाभारताची. आईला भाषेचा एक शब्द कळत नव्हता, तरी अंगठ्याचं हे एवढं लांब नख दिसल्याबरोबर म्हणाली, "ह्यो भीम!" मग म्हणाली, आमच्या पिंगुळीच्या ठाकरांकडेसुद्धा अशाच चामड्याच्या बाहुल्या असायच्या, फक्त ते रामायण लावायचे.

आता गंमत ऐका. तिथे देव आणि राजे बोलतात कावीत, म्हणजे जुन्या जावानीत. समोर बसलेल्या गावाला ती फारशी कळत नाही. म्हणून पांडवांकडे त्वालेन नावाचा काळासावळा, ढेरपोट्या नोकर असतो, आणि त्याचा पोरगा मर्दा. कौरवांकडे बढाईखोर देलेम आणि आतल्या गाठीचा सांगुत. अर्जुन दोन ओळी गंभीर बोलतो आणि त्वालेन ते साध्या बालीत सांगतो. सांगता सांगता पदरचं घालतो, गावातल्या कुणाला तरी चिमटा काढतो, लोक लोळतात. आईला लगेच दशावतारातला संकासुर आठवला. आणि गंमत म्हणजे या ढेरपोट्याला लोक देवाचाच अंश मानतात. म्हणजे देव देवाचं भाषांतर करतो.

मी नेहमीप्रमाणे दोघींच्या मध्ये. आई मराठीत काही म्हणाली की लेकीला इंग्रजीत, लेक बोलली की आईला मराठीत. तेव्हा लेक म्हणाली, तू त्वालेन आहेस. आजी बोलते, तू सांगतोस. "अ‍ॅण्ड पोट पण सेम."

मी हसलो. खोलीवर परतल्यावर बायको हसली नाही. "तू मध्ये असतोस म्हणून तिला आजीचं ऐकावंच लागत नाही," म्हणाली. वर, "आणि तू खरं तरी कुठे सांगतोस?" हे मात्र खरं. आई म्हणते, "पोरीक काय वळणच नाय," आणि मी सांगतो, आजी म्हणते तू उंच झालीस. रात्री अकरा वाजता, पातळ भिंतीच्या खोलीत, मराठीत भांडण. लेकीला ते बरोब्बर कळत होतं, एवढंच समाधान.

मला त्यानंतर झोप आली नाही. कारण ही कावी काही देवांनी आकाशातून टाकलेली भाषा नव्हे. 996 साली पूर्व जावात विराटपर्व गद्यात उतरवलं, ते लोकांना कळावं म्हणून. व्यासांचं मत जावानीत आणणं, असे शब्दच त्या ग्रंथांत आहेत. आपल्या माउलींनी 1290 मध्ये केलं तेच, तीनशे वर्षं आधी. बालीच्या लोकांनी त्या पोथ्या ताडपत्रांवर पुन्हापुन्हा उतरवून जपल्या. आणि जी भाषा कळावी म्हणून आणली, तिलाच आज दुभाष्या लागतो. आपण तरी काय, सार्थ ज्ञानेश्वरीत डावीकडची ओवी सोडून उजवीकडचा अर्थच वाचतो. मी वाचतो. तुमचं तुम्ही बघा.

तिथली धाकटी पोरं पुढे बसली होती, आपापल्या आईच्या मांडीवर पेंगत. त्वालेन आला की जागी व्हायची. आपण भारतातून नाटक आणतो आणि पोरांना मागच्या खोलीत आयपॅड आणि पिझ्झा देऊन बसवतो, प्रयोगात अडथळा नको म्हणून. निवेदन इंग्रजीत, सर्वांना कळावं म्हणून. मी कार्यकारिणीत होतो तेव्हा हा ठराव मीच मांडला होता, त्यामुळे कुणी वळून शेजाऱ्याकडे बघू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात पुन्हा वायांग. या वेळी पडदा नाही, दिवा नाही, दोन फांद्यांमध्ये ताणलेला एक दोरा, आणि समोर बघायला कुणी नाही. हा खेळ देवांसाठी असतो, म्हणाले. दालांग तसाच मन लावून बोलत होता. आई मात्र तिथे पाय दुखेपर्यंत उभी राहिली.

ती आता परत कुडाळला गेली आहे. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉल लागला तेव्हा मी ठरवलं, आज तोंड उघडायचं नाही. लेक बोलली, आई बोलली. मग दोघी थांबल्या, आणि दोघींनी एकदमच माझ्याकडे बघून विचारलं, "काय म्हणाली?" एकीने मालवणीत, एकीने इंग्रजीत.