पेन, पिन आणि पन

नमस्कार मंडळी. मसालेदूध उकळेपर्यंतच बोलायचं, अशी कार्यकारिणीची अट आहे. तेव्हा थेट मुद्द्यावर येतो.

न्यूझीलंडला आलो त्याच आठवड्यात बँकेत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी अर्ज पुढे सरकवत विचारलं, "पिन?" मी बाणेदारपणे म्हणालो, "तो मी कुणाला सांगत नसतो." त्यांनी हसू दाबत पेन हातात दिलं. मग कार्डाचा पिन? तो त्यांच्या तोंडी 'पन'!

पुढे कळलं, घोळ मोठा शिस्तीतला आहे. इथले स्वर संगीत खुर्ची खेळतात. बॅटमधला 'ॲ' सरकून 'ए'च्या खुर्चीत बसला, म्हणून बॅटचं 'बेट' झालं. (माझी मुलगी मैत्रिणींपुढे मला 'माय डेड' म्हणते. घरात मी अजून बाबाच आहे.) उठवलेला 'ए' गेला 'इ'कडे, टेनचं झालं 'टिन'. बिचाऱ्या 'इ'ला जागाच उरली नाही, त्याचा झाला 'अ'. म्हणून फिशचं 'फश', सिक्सचं 'सक्स'. ऑस्ट्रेलियन लोक या 'फश'ला खदाखदा हसतात. स्वतः 'फीश' म्हणतात ते त्यांच्या गावीही नसतं. हे सगळं रोमन लिपीत लिहायचं तर स्पेलिंगची मोडतोड करावी लागते. आपण एक मात्रा काढली की काम झालं.

हे घडलं कधी? १९४६ ते १९४८ या काळात इथल्या रेडिओची ध्वनिमुद्रण करणारी गाडी गावोगाव फिरली आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी टिपून आली. त्यांतली काही माणसं १८५०च्या दशकात जन्मलेली. पुढे कँटरबरी विद्यापीठातल्या भाषाशास्त्रज्ञांनी ती मुद्रणं कान देऊन ऐकली. दक्षिण बेटावरच्या ॲरोटाउन गावात सोन्यामागे ठिकठिकाणचे लोक आले होते. तिथल्या मुलांच्या बोलण्यात हा नवा उच्चार लवकर दिसतो. तिकडच्याच मिल्टन गावात बहुतेक वस्ती स्कॉटिश, तिथे तो उशिरा आला. शाळा तपासनीस तेव्हाही पोरांच्या बोलण्यावर नाकं मुरडत होतेच.

आता आपला 'र'. आपण कार, पार्क, वर्क यांतला एकही 'र' सोडत नाही, आणि ऑकलंडमध्ये वाढलेली आपलीच मुलं त्यावरून आपल्याला टोकतात. पण दक्षिणेला साउथलंडमध्ये, गोर आणि इन्व्हरकार्गिलच्या बाजूला, स्कॉटिश वसाहतवाल्यांनी आणलेला 'र' अजून टिकून आहे. तिकडे गेलात तर दुकानात पर्पल शर्ट मागा. दोन्ही रफारांसकट.