रॅगिंगच्या नावाखाली लपणारी जात

डॉ. पायल तडवी जळगावहून मुंबईला स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेण्यासाठी आल्या होत्या. तडवी भिल्ल या आदिवासी समाजातल्या या तरुण डॉक्टरने 22 मे 2019 रोजी वसतिगृहात आत्महत्या केली. वरिष्ठांकडून होणाऱ्या जातिवाचक छळाची तक्रार आधीच केली होती, असे कुटुंबीयांचे म्हणणे आहे. पुढे तीन डॉक्टरांविरुद्ध आरोपपत्र दाखल झाले आणि त्यात रॅगिंगच्या कायद्याबरोबरच ॲट्रॉसिटीचीही, म्हणजे अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचीही, कलमे होती.

रॅगिंग आणि जातीवरून होणारा अत्याचार यांतला हा भेद महत्त्वाचा आहे, कारण महाविद्यालयांना रॅगिंग हा शब्द सोयीचा वाटतो. प्रवेशपरीक्षेतला क्रमांक विचारून ‘म्हणजे कोट्यातून’ असे म्हणणे कायद्याने गुन्हा ठरेलच असे नाही. मात्र अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला चारचौघांत जातीवरून शिवीगाळ करणे हा 1989 च्या ॲट्रॉसिटी कायद्याने गुन्हा आहे. चारचौघांत, यावर बरेच काही अवलंबून असते. घराच्या चार भिंतींआड, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेल्या शिवीगाळीला हे कलम लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये म्हटले आहे. म्हणूनच वॉर्डात, मेसमध्ये किंवा वर्गात त्या क्षणी कोण कोण होते, याची नोंद त्याच दिवशी करून ठेवावी.

तक्रारीत ‘जातिवाचक बोलले’ एवढेच लिहून भागत नाही. उच्चारलेले शब्द, ते कितीही घाणेरडे असले तरी, जसेच्या तसे लिहावे लागतात, आणि नेमके तेच लिहिताना हात थबकतो.

महाराष्ट्राच्या 1999 च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्यानुसार लेखी तक्रारीची चौकशी संस्थाप्रमुखाने सात दिवसांत करायची असते. मात्र या चौकशीसाठी पोलिसांकडे जाणे लांबवण्याचे कारण नाही, कारण ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही, असे 2018 च्या दुरुस्तीने स्पष्ट केले आहे. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते; ठाण्यात नोंद घेण्यास नकार मिळाला, तर तीच माहिती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, आणि 14566 या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही तक्रार करता येते. तपास उपअधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याकडेच असावा लागतो. साक्षीदारांच्या संरक्षणाची तरतूदही ॲट्रॉसिटी कायद्यात आहे. मेसमध्ये शेजारी बसून सगळे ऐकणाऱ्या मित्राला ती सहसा माहीत नसते.